चहाच्या आधीची गोळी

लेव्होथायरॉक्सिनच्या एका गोळीत खरं औषध असतं ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग. माझ्या धाकट्या जावेला गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात ती सुरू झाली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचा सूर होता की एवढीशी तर गोळी, घ्यायची आणि विसरायची. पण ती वेळेवर आणि नीट पोटात जावी म्हणून अख्ख्या घराचा दिवस नव्यानं लावावा लागला.

दुखणं सापडलं तेच मुळात आशाताईंच्या एका प्रश्नामुळे. जाऊ सारखी थकायची, पोट साफ व्हायचं नाही, पाय सुजायचे, उन्हाळ्यातसुद्धा अंगाला गारवा. यातलं काहीही गरोदर बाईला होतंच असं म्हणून सोडून देता येतं. ‘दोन जिवांची हाय, व्हायचंच,’ सासूबाई म्हणाल्या. नाव नोंदवताना आशाताईंनी विचारलं, ‘आधी दिवस जाऊन पडलंय का कधी?’ पडलं होतं, दोनदा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट प्रत्येक गरोदर बाईची थायरॉइड तपासणी सांगितलेली नाही. ज्यांचे गर्भ वारंवार पडले, ज्यांच्या घरात थायरॉइडचं दुखणं आहे, ज्यांच्या गळ्याला सूज आहे, ज्यांना मूल राहायला वेळ लागला, अशांची करायची. जाऊ त्या यादीत बसली आणि डॉक्टरांनी टीएसएच लिहून दिली.

रिपोर्ट आला ११ च्या वर. हा आकडा उलटा वाचायचा असतो, हे घरी समजावताना मला वेळ लागला. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुस्तावली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी तिला जागं करायला जास्त टीएसएच सोडते. म्हणून आकडा चढलेला आणि काम मात्र कमी. २०१४ च्या सूचनांत पहिल्या तिमाहीसाठी हद्द २.५ आणि नंतर ३ अशी दिलेली आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०१७ मध्ये ती सैल करून साधारण ४ पर्यंत नेली. किंचित वाढलेल्या आकड्याला गोळी द्यावी की नाही, यावर डॉक्टरांत अजून दुमत आहे. १० च्या वर गेलेल्या आकड्याबद्दल मात्र वाद नाही.

आणि घाई का, तेही सांगायला हवं. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्यानंतर हार्मोन बनवू लागते. जोर धरते ती आणखी पुढे, विसाव्या आठवड्याच्या आसपास. तोवर मेंदूच्या घडणीला लागणारं थायरॉक्सिन आईच्याच रक्तातून मिळतं. १९९९ मध्ये हॅडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत उपचार न झालेल्या आयांची मुलं सात ते नऊ वर्षांची असताना तपासली. त्यांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी भरला. म्हणून ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना गाठावं. गरोदरपणात बहुतेकींचा डोस पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. नाव नोंदवायला तिसरा महिना उजाडला तर तोवर महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात.

आता दिवस कसा लागला ते. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास एक तास, काही नाही. चहासुद्धा नाही. आमच्याकडे उठल्या उठल्या आधण ठेवायचं काम तिचंच होतं. सगळ्यांना कप द्यायचे आणि स्वतः वाट बघत बसायचं, हे फार दिवस चालणार नव्हतं. मग गोळी आणि पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवायचा, दिरानं साडेपाचला उठवायचं आणि चहा मी टाकायचा, असं ठरलं. तो तास तिला अंथरुणात मिळू लागला. घरातल्या सुनेला सकाळी एक तास पडून राहता आलं, हा या दुखण्यातला मला दिसलेला एकमेव फायदा.

खरी गुंतागुंत लाल गोळीची, म्हणजे लोहाच्या गोळीची. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मध्ये चार तास हवेत. सरकारी दवाखान्यातून प्रत्येक गरोदर बाईला दोन्ही मिळतात, आणि बायका सोपं म्हणून साऱ्या गोळ्या एकाच घोटात घेऊन मोकळ्या होतात. तसं केलं तर बाटली रिकामी होते आणि आकडा जागचा हलत नाही. आम्ही कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर लावलं, लाल गोळी झोपताना. कुणीतरी शेजारीण येऊन सांगायचीच की इतक्या गोळ्या गरम पडतात. हे थायरॉक्सिन शरीर रोज स्वतः बनवतं तेच आहे, कमी पडतंय तेवढं वरून देतोय, हे प्रत्येकीला पुन्हा नव्यानं सांगावं लागलं, आणि सांगणं गरजेचंही होतं.

चार आठवड्यांनी पुन्हा रक्त, आणि डोस ७५ वर गेला. निम्मं गरोदरपण उलटेपर्यंत ही तपासणी दर चार आठवड्यांनी, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास निदान एकदा. आमच्या गावात भालचंद्र गणेशाचं मंदिर आहे, त्यामुळे संकष्टीची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. आम्ही संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं ठरवलं. अंतर चार आठवड्यांपेक्षा एक-दोन दिवसच जास्त पडतं, डॉक्टरांनी चालेल म्हटलं. डोस बदलला की जुनी बाटलीही घरात राहते, आणि दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच. मी जुनी उचलून वेगळी ठेवली आणि नवीवर मोठ्या अक्षरांत ७५ लिहिलं. बाटलीची जागाही स्वयंपाकघरातून हलवली, कारण उष्णता, ओल आणि ऊन या तिन्हींनी गोळीचा जोर जातो.

हे सगळं जमलं ते आम्ही घरी होतो म्हणून. आमच्या भागातल्या किती बायका दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला न जाता घरी असतात? नवऱ्याबरोबर कोयता म्हणून नाव लागलेलं असतं, उचल घेतलेली असते, आणि पाचवा-सहावा महिना असला तरी ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कारखान्याची वाट धरावी लागते. तिथं कोपीत पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या आणि अंधारातच फड गाठायचा. गोळीनंतरचा तो रिकामा तास कुठून आणायचा? यावर उत्तर आहे, पण ते त्यांना कुणी सांगत नाही. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतलेली गोळीही काम करते. मात्र लाल गोळी आणि रात्रीचं कॅल्शियम मग दिवसा हलवावं लागतं. रक्ताच्या तपासणीचं तेवढं सोपं नाही. दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. माझं ठाम म्हणणं आहे की गाव सोडण्याआधी प्रत्येक गरोदर बाईची टीएसएच व्हावी, पुरेल एवढ्या गोळ्या हातात द्याव्यात आणि पुढच्या तपासणीच्या तारखा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहाव्यात, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला पहिल्यापासून विचारत बसावं लागणार नाही. आशाताई हे आपल्या हातानं करतात. ते त्यांच्या भलेपणावर सोडून देता कामा नये.

जावेला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तिचीही थायरॉइड तपासली, ती ठीक निघाली. आईचा डोस बाळंतपणानंतर लगेच खाली आणला. अंगावर पाजताना ही गोळी चालते, ती बंद करायची नाही. आईची पुढची टीएसएच सहा आठवड्यांनी, आणि बाळाची दीड महिन्याची लस नेमकी त्याच सुमारास असते. लसीच्या दिवशी बहुतेक आया बाळाला टोचून घेतात आणि परत फिरतात. आम्ही आधी जावेचं रक्त दिलं, मग लसीच्या रांगेत उभ्या राहिलो.