घर ते फलाट

पोलादी चाक पोलादी रुळाला जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकते. ना चाक फारसे दबते, ना रूळ. म्हणून सपाट रुळावर एक टन वजन चालते ठेवायला एक-दोन किलो वजनाइतका जोर पुरतो. तेच वजन रबरी टायरवर, डांबरी रस्त्याने न्यायचे तर दहा ते पंधरा किलोंचा जोर लागतो. टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, पुन्हा फुगतो आणि या चेपाचेपीत ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

त्यात आपली लोकल विजेवर चालते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हीटी स्थानकातून कुर्ल्याकडे देशातली पहिली विजेची गाडी निघाली. आजची लोकल ठाण्यापुढच्या दिवा स्थानकाच्या फलाटाशी वेग कमी करते तेव्हा तिच्या मोटरीच जनित्र बनतात. गतीची वीज होते, ती वरच्या तारेत परत जाते आणि जवळपास वेग घेत असलेली दुसरी गाडी ती वापरते. घेतलेल्या विजेपैकी सुमारे ३० टक्के वीज अशी परत मिळू शकते.

शाश्वत प्रवासाच्या चर्चेत विजेवरच्या मोटारींचे कौतुक फार होते. दिव्यातला माणूस त्या मोटारवाल्याहून कितीतरी कमी ऊर्जेत कामावर जातो. तो घरून चालत किंवा शेअर रिक्षाने स्थानकावर येतो आणि लोकल पकडतो. इथून वसईला आणि पनवेलला फाटे फुटतात, सावंतवाडीची गाडी इथून सुटते. पर्यावरणाच्या हिशेबात या गावाने आपला वाटा कधीच उचलला आहे. मला काळजी आहे ती हा प्रवास माणसाला किती दिवस सोसवेल याची. हातात चार पैसे आले की तो पहिली दुचाकी घेतो, मग मोटार, आणि त्याला दोष देता येत नाही.

सोसण्याची हद्द काय असते ते दिवेकरांनी पाहिले आहे. २ जानेवारी २०१५ रोजी त्रासलेले प्रवासी रुळांवर उतरले. जलद लोकल दिव्याला थांबू लागली ती डिसेंबर २०१६ मध्ये. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तरी कर्जत-कसाऱ्याकडून येणारी गाडी दिव्याला येईपर्यंत भरलेलीच असते. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यानच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चौघांचा जीव गेला.

त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे ठरले. बाहेरून हे सोपे वाटते. पण स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत साडेचार हजारांवर प्रवासी असतात, म्हणजे डब्यामागे पावणेचारशे. या माणसांची उष्णता ३७ किलोवॉटच्या पुढे जाते. ती बाहेर काढायलाच एक टनाचे अकरा वातानुकूलक लागतील. आजवर हे काम उघड्या दारातून येणारा वारा करत होता. दार बंद करायचे तर हवा छतावरून खेळवावी लागते, दारांना झरोके लागतात, डबे आतून जोडावे लागतात. नव्या आराखड्यात या तिन्ही गोष्टी आहेत. त्या लवकर रुळावर याव्यात.

गाडीचा प्रश्न रेल्वेचा. घर ते फलाट हा प्रश्न गावाचा आणि महापालिकेचा. आधी दिव्याचे रेल्वे फाटक. रस्त्यासाठी फाटक उघडायचे तर त्याच्या दोन्ही अंगांच्या सगळ्या मार्गिकांना लाल सिग्नल द्यावा लागतो. तीन-चार मिनिटांनी गाडी असलेल्या मार्गावर एक खोळंबा पुढच्या गाड्यांना लागत जातो आणि दिव्यातल्या दोन मिनिटांचा त्रास कल्याणपर्यंत पोहोचतो. कळव्याजवळ खारेगावचा पूल २०२२ मध्ये खुला झाल्यावर तिथले फाटक सुटले. दिव्याच्या पुलाचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. हा पूल वाहनांइतकाच पायी जाणाऱ्यांसाठी हवा, जिने आणि कठडेबंद पदपथासह.

मग रस्ता. स्थानकाबाहेर पूर्वेला रिक्षा, भाजीचे ठेले, दुचाक्या आणि माणसे एकाच चिंचोळ्या पट्ट्यावरून वाट काढतात. मे महिन्याच्या मध्याला इथे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. इमारतींची सावली त्यांच्या पायाशी गोळा होते, चालणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. दर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊन पडते आणि तापलेला रस्ता खालूनही उष्णता फेकतो. पानांतून पाणी उडते आणि हवा गार होते हे खरेच, पण खाडीकाठच्या दमट हवेत त्याचा फायदा मर्यादित. इथे झाडाचे मोठे देणे म्हणजे सावली. सावलीतला रस्ता उन्हातल्या रस्त्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी थंड राहू शकतो. म्हणून वृक्षारोपणाचे आकडे मला पटत नाहीत. घरापासून फलाटापर्यंतच्या वाटेवर सावली किती सलग आहे, ते मोजावे. कोलंबियातल्या मेडेयीनने २०१६ पासून रस्ते आणि ओढ्यांच्या कडेने ३० हरित पट्टे तयार केले. तिथले तापमान सुमारे दोन अंशांनी उतरल्याचे ते शहर सांगते. आपल्या पुण्याने त्याच वर्षी पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद केलेल्या पदपथावर जुन्या झाडांखालून निवांत चालता येते.

दिव्याची जमीन खाडीची. खारट आणि सखल. गुलमोहर लावून फोटो काढण्यापेक्षा खारेपणा सोसणारी भेंड (पारोसा पिंपळ), करंज आणि उंडी लावावीत. तिन्ही कोकण किनाऱ्याची, तिन्ही सदाहरित किंवा जवळपास तशीच. मुळांनाही श्वास लागतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आले की मातीतली हवा संपते आणि पावसाळी वाऱ्यात असे झाड आधी कोसळते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढायला सांगितले होते. मोकळी माती पावसाचे पाणीही पिते. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी तुंबणाऱ्या या गावाला तेवढाच हातभार. खाडीकाठची तिवरे जपणे हा त्याच कामाचा भाग आहे. उच्च न्यायालयाने २००५ मध्येच त्यांची तोड थांबवली आहे.

दिव्यालगत म्हातार्डी परिसरात बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक येते आहे. त्याच्याकडे जाणारे रस्ते नव्याने आखले जातील आणि दिव्याला हवा तो रस्ता तिथे पहिल्यापासून मिळू शकतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत निवासी भागातल्या पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. ती रुंदी, शेजारी झाडांसाठी सलग मातीचा चर आणि पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी, एवढे निविदेतच लिहिलेले हवे.