टिन टाकायचं की कवेलूच ठेवायचे?

आज आवाज थोडा घुमतोय, कारण हा भाग मी आमच्या घरी टिनाखाली बसून रेकॉर्ड करतोय. तेही रात्री. मे महिन्यात दुपारी इथे बसवत नाही.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात. दोन वर्षांआधीपर्यंत सगळं घर कवेलूचं होतं. ते काढायचं खरं कारण सांगू? वानरं. एक टोळी छपरावरून उड्या मारत गेली की कवेलू फुटलेच समजा. वर दर उन्हाळ्यात छप्पर फेरायचं, आणि फेरणारा माणूस आता शोधून भेटत नाही. लाकडाला वाळवी लागते ते वेगळंच. बाबांनी टिन ठरवलं. आजीचं एकच म्हणणं, "टिनाखाली माणूस भाजून निंघते बाप्पा."

दोघंही बरोबर होते.

टिनाला नाळ्या असतात त्या शोभेसाठी नाहीत. सपाट पत्रा वाकतो, नाळ्या पाडल्या की तोच पत्रा ताठ राहतो. ही युक्ती लंडनच्या हेन्री पामरने १८२९ साली पेटंट केली. गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा द्यायची पद्धत १८३७ मधली, फ्रान्समधली. अर्ध्या मिलीमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोच भरतो. त्यामुळे खालचा सांगाडा हलका चालतो. आणि नेमकं त्यामुळेच वादळात छप्पर उडतं.

वारा छपराला वर ओढतो, आणि दार उघडं असेल तर आत शिरून खालूनही ढकलतो. आपल्याकडे लोक टिनावर दगड ठेवतात ना, ते कृपा करून नका ठेवू. पत्रा उचलला गेला की तोच दगड कोणाच्या तरी डोक्यात. पैसे हुक-बोल्टवर घाला. भोक नाळीच्या उंच भागावर पाडायचं, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. खाली रबरी वायसर हवाच. आमच्या मिस्त्रीने घाईत चार वायसर सोडले, पहिल्याच पावसात पलंग ओला!

आता आजीचा मुद्दा. नवं चकचकीत टिन ऊन बरंचसं परतवतं, पण जी उष्णता शोषतं ती लवकर सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो, ऊन परतवतो आणि उष्णताही बाहेर टाकतो. आम्ही वरून पांढरा रंग दिला, खाली एक हात अंतर सोडून तट्टे बांधले आणि दोन्ही टोकांना हवेला जागा ठेवली. फरक पडला, कूलर मात्र सुटला नाही. त्याचं बिलही टिनाच्या खर्चातच धरा. टिनावर तुराट्या-पऱ्हाट्या टाकणारे खूप आहेत, सावली होते खरी, पण एक ठिणगी पुरते.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. विजेची सर्व्हिस वायर पत्र्याच्या धारेवर घासू देऊ नका. वरचं आवरण कापलं गेलं की अख्ख्या छपरात करंट उतरतो.

आणि फायदा? पाणी. पाचशे चौरस फूट टिनावर एक इंच पाऊस पडला की साधारण साडेअकराशे लिटर पाणी पन्हाळीतून येतं. पहिल्या सरीचं धुवण सोडून द्यायचं, मग टाकीत घ्यायचं. कवेलूवरून इतकं स्वच्छ पाणी येत नव्हतं.

शेवटी आमच्याकडे समोरच्या दोन खोल्यांवर टिन आलं. मागच्या खोलीवर अजून कवेलूच आहेत. आजी तिथे झोपते, आणि मेमध्ये दुपारी आम्ही सगळेच.