बैलांमागून आलेला राजा
लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण न्यायाधीशांच्या काळाच्या अखेरीशी थांबलो. इस्राएलाने राजा मागितला तो हौसेने नव्हे. पलिष्ट्यांनी इस्राएलाच्या मुलखात लोहारच राहू दिला नव्हता. आपल्या नेवासे-शेवगावकडे पूर्वी लोहार गावचा बलुतेदार असे. सुगीला बलुते घालावे आणि वर्षभर फाळ पाजवून घ्यावा. इस्राएली शेतकऱ्याला त्याच फाळासाठी शत्रूच्या दारात जाऊन चांदी मोजावी लागे. ‘पीम’ अशी अक्षरे कोरलेली, सुमारे ७.८ ग्रॅमची दगडी वजने तिकडच्या उत्खननांत सापडली आहेत. पहिल्या शमुवेलाच्या १३व्या अध्यायात धार लावण्याचा दर म्हणून हेच वजन येते. त्यात न्यायाधीश शमुवेल थकलेला, आणि बैर-शेब्यात न्यायाला बसलेली त्याची मुले, योएल व अबीया, लाचखोर निघालेली. वडीलजन रामा गावी आले ते खरे गाऱ्हाणे घेऊनच. चुकले ते एवढेच, की इतर राष्ट्रांसारखा राजा आला की सगळे सुटेल, असे त्यांना वाटले.

देवाने मागणी मानली, पण राजा काय काय नेईल ते आधी ऐकवले : मुलगे रथांपुढे धावायला, मुली मुदपाकखान्यात, द्राक्षमळे सरदारांना, धान्याचा दहावा हिस्सा. लोक बधले नाहीत.

मला या कथेत बैल पुन्हा पुन्हा भेटतात. मिस्पात राजा म्हणून निवड झाल्यावरही शौल शेतीच करत होता. याबेश-गिलाद संकटात असल्याची बातमी आली तेव्हा हा राजा बैलांमागून शेतातून येत होता. त्याने एक बैलजोडी कापून तुकडे गावोगाव धाडले, लोक एकदिलाने उठले, याबेश वाचले. मग गिलगालात राज्य पक्के झाले आणि म्हातारा शमुवेल सगळ्यांपुढे उभा राहिला. मी कोणाचा बैल नेला, कोणाचे गाढव नेले, कोणाची लाच घेतली, ते राजादेखत सांगा, मी भरून देतो, असे त्याने विचारले. एकानेही बोट दाखवले नाही. आमच्याकडे मंडळीचे कारभारी पायउतार होतात तेव्हा शाल मिळते, हार पडतात. असा हिशेब मांडलेला मी पाहिलेला नाही, आणि याची मला खंत वाटते.

पुढे अमालेकांवरच्या स्वारीत शौलाने देवाची आज्ञा मोडून लुटीतले उत्तम बैल राखून ठेवले, वर ते यज्ञासाठी असल्याचे सांगितले. शमुवेलाच्या कानांवर हंबरणे आधीच पडले होते. राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, रोज वाचावी, भाऊबंदांपेक्षा स्वतःला मोठे समजू नये, हा अनुवादाच्या १७व्या अध्यायातला दंडक याचसाठी आहे. देवाने राजपद नाकारले नाही; राजाच्या डोक्यावरही धनी ठेवला.

शमुवेलाच्या त्या हिशेबावरून आठवतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या नगरात वर्षानुवर्षे राहिले. १८४२ साली येथेच निघालेल्या ‘ज्ञानोदया’त त्यांनी लिहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले त्यात भाऊ म्हणून बसत, राजा ख्रिस्त. पगार घेण्यात पाप नाही. पण शमुवेलासारखे रिकामे हात दाखवून बोलायचे, तर आधी काही सोडावे लागते, हे त्यांनी करून दाखवले. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले.

पुढच्या आठवड्यात बेथलेहेमात, इशायाच्या घरी.