दारू कोण प्यायले, गाडी कोण चालवते?

कळंबोलीला द्रुतगती मार्ग सुरू होतो, पळस्पे फाट्यावर गोव्याची वाट फुटते. आसपास फार्म हाऊसही पुष्कळ. तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीतला पोलीस गाडीच्या उजव्या काचेशी का वाकतो, हे पनवेलकरांना सांगायला नको. उजवीकडे चालक बसतो. डावीकडचा कितीही झिंगलेला असो, ते फुंकायचे यंत्र त्याच्या तोंडाशी धरत नाहीत. आता विनाचालक गाड्यांच्या बातम्या वाचून लोक हसत हसत विचारतात, मग प्यायला हरकत नाही ना? प्रश्न थट्टेचा खरा, पण कायद्याच्या दृष्टीने चांगलाच अवघड आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ म्हणते की, गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर तो गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. माणूस प्यायला होता, आणि तोच चालवत होता. वांद्र्यातल्या २००२ च्या अपघात प्रकरणात सत्र न्यायालयाने सलमान खान यांना मे २०१५ मध्ये शिक्षा सुनावली. डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, कारण या दोन्ही गोष्टी संशयापलीकडे सिद्ध झाल्या नाहीत. गाडी माणूसच चालवत असताना ही गत!

कायद्यातली ‘चालक’ या शब्दाची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. बंद पडलेली गाडी दोरखंडाने ओढून नेताना आपण पाहतो. मागच्या गाडीचे इंजिन बंद, ओढ पुढच्या गाडीची; तरीही मागे स्टिअरिंग धरून बसलेला माणूस कायद्याने चालकच. इंजिनापेक्षा स्टिअरिंग कोणाच्या हाती, याला इथे महत्त्व आहे. मग स्टिअरिंगच माणसाच्या हाती राहिले नाही तर?

आपल्याकडे मिळणाऱ्या काही गाड्या आज स्वतःहून पट्ट्यात राहतात, पुढच्या वाहनापासून अंतर राखतात, ब्रेकही लावतात. ही चालकाला केलेली मदत झाली, चालकाची सुटका नव्हे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये हमरस्त्यावर धावत्या टेस्ला गाडीत चालक झोपलेला दिसला. दिवे, भोंगे यांनी तो उठेना. अखेर पोलिसांनी आपली गाडी पुढे घालून वेग कमी कमी केला, तशी टेस्लाही थांबली. त्या माणसाला मद्यपानाच्या संशयावरून अटक झाली.

त्याच राज्यात सॅन ब्रुनो गावी सप्टेंबर २०२५ मध्ये मद्यपी चालकांसाठीच्या नाकाबंदीत वेमो कंपनीच्या टॅक्सीने नियम मोडून यू-टर्न घेतला. पोलिसांनी ती अडवली, तर आत चालकच नाही! पावती फाडायची कोणाच्या नावाने?

ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात मधला मार्ग काढला. गाडी स्वतः चालत असताना नियम मोडला तर आत बसलेल्यावर खटला नाही. पण गाडीने ‘आता तुम्ही घ्या’ म्हटले की हाती घ्यावी लागेल अशा गाडीत बसणारा शुद्धीवर हवाच. मला हा भेद पटतो. ज्या गाडीत माणसाने काहीच करायचे नाही, तिच्यात प्यायलेला माणूस रिक्षात मागे बसलेल्या उतारूसारखाच. त्याला दंड करून काय साधणार? उलट तो स्वतः न चालवता घरी गेला, हेच तर आपल्याला हवे होते. भीती आहे ती अर्ध्या शहाण्या गाडीची, कारण तिच्या भरवशावर एरवी टॅक्सी करणारा माणूसही चावी फिरवतो.

चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन नितीन गडकरी यांनी २०१७ मध्येच विनाचालक गाड्यांना नकार दिला होता. मात्र २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम २-ब नुसार संशोधनाला चालना देण्यासाठी काही प्रकारच्या वाहनांना या कायद्यातून सूट देता येते. अशी गाडी उद्या आलीच, तर ‘घरी चल’ हे बटण दाबणे म्हणजे ‘चालवण्याचा प्रयत्न’ धरायचा की नाही, हे संसदेला कलम १८५ मध्ये नव्याने लिहावे लागेल.