जुन्या चाकाला नवे बळ

जुनी मोटार जतन करणे हा केवळ हौसेचा विषय नाही. ती एका पिढीची कमाई असते आणि घराण्याची आठवणही. मात्र गाडी जसजशी जुनी होते तसतसे तिच्या मालकाचेही वय वाढते. ज्या हातांनी एकेकाळी अॅम्बेसेडर किंवा प्रीमिअर पद्मिनी घाटातून लीलया उतरवली, तेच हात आता गाडी उभी करताना थकतात. मग गाडी विकावी की तिचे स्टीअरिंग हलके करावे, हा प्रश्न उभा राहतो.

अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने २०२३ मध्ये निरोप घेतला. म्हणजे आज उरलेली प्रत्येक गाडी मोलाची आहे. पॉवर स्टीअरिंगची कल्पनाही नवी नव्हे. अमेरिकेतील अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये ती मोटारीवर चालवून दाखवली आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरिअलमधून ती ग्राहकांपर्यंत पोहोचली.

आधी निदान, मग उपचार

स्टीअरिंग जड होण्याचे कारण पुष्कळदा दुर्लक्ष हेच असते. टायरमधील कमी हवा, सुकलेले ग्रीस, झिजलेले सांधे किंवा बिघडलेले व्हील अलाइनमेंट यांमुळे चाक ओढावे लागते. मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले असल्यास गाडी उभी असताना चाक वळवणे अधिकच कठीण होते. हे दोष दूर केल्यावर कित्येकदा मोठ्या खर्चाची गरजच उरत नाही. शिवाय झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टीअरिंग बसवणे धोक्याचे असते, कारण चाक हलके झाल्याने आतला दोष हाताला जाणवेनासा होतो.

दोन पर्याय

हायड्रॉलिक पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाच्या दाबाने चाके वळवण्यास मदत करतो. त्यासाठी पंप, टाकी, नळ्या आणि बदललेला स्टीअरिंग बॉक्स यांना बॉनेटखाली जागा करावी लागते. विजेवरील पद्धतीत स्टीअरिंगच्या दांड्यावरच मोटर असते. चालक किती जोर लावतो हे संवेदक ओळखतो आणि त्या प्रमाणात मोटर साहाय्य करते. बहुतेक सर्व जोडणी डॅशबोर्डखाली झाकली जात असल्याने गाडीचे रूप पालटत नाही.

परंतु ही मोटर वीज भरपूर घेते. जुन्या गाडीतील डायनॅमोला हा भार पेलत नाही. त्यामुळे आल्टरनेटर, चांगली बॅटरी, जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. तेथे ही जोडणीही बदलावी लागते.

सर्वांत नाजूक काम दांडा जोडण्याचे. कामचलाऊ वेल्डिंग रस्त्यात तुटले, तर चाक हातात आणि गाडी स्वैर अशी स्थिती ओढवेल. यास्तव हे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवावे. मूळ दांडा न कापता जपून ठेवावा आणि जोडणीसाठी दुसरा वापरावा. पुढे कोणास गाडी मूळ रूपात हवी असल्यास ती वाट खुली राहते.

कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी दुचाकी वा चारचाकी वाहन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल नसलेले असावे लागते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीस बदलाची लेखी कल्पना द्यावी. अन्यथा दाव्याच्या वेळी वाद उद्भवू शकतो. सुट्या भागांची बिले आणि कामाची छायाचित्रे जपून ठेवल्यास पुढे विक्रीच्या वेळीही ती उपयोगी पडतात.

जतन करणे म्हणजे वस्तू झाकून ठेवणे नव्हे. मूळ ठेव शाबूत राखून तिचा उपभोग घेता आला, तर ती ठेव खऱ्या अर्थाने सार्थकी लागते. आजोबांची गाडी आजोबांनाच पुन्हा चालवता येणे, हे त्या ठेवीवरचे उत्तम व्याज होय.