थांबा, सरपंचाचं नेट येतंय!

चार मित्र, चार गावं, एक जुना गेम आणि आचके देणारं एक नेट कनेक्शन. साम्राज्यं उभी करता करता आमची स्वतःची टोळी कशी मोडता मोडता वाचली, त्याची ही गोष्ट...

रविवार. रात्रीचे साडेनऊ. जेवणं आटोपलीत, लेक झोपलीय, हेडफोन कानावर चढलाय. माझे पंचवीस घोडेस्वार शत्रूच्या वेशीवर येऊन ठेपलेत. मी क्लिक करतो... आणि काहीच होत नाही. घोडे पाय उचलून उभे. मागे झाडावर कुऱ्हाड उगारलेला लाकूडतोड्याही तसाच. भर युद्धात सगळी दुनिया स्टॅच्यू!

हेडफोनमध्ये आम्ही तिघं एका सुरात ओरडतो, "सरपंच!"

थोड्या वेळाने लांबून, फाटलेल्या आवाजात उत्तर येतं, "...लो? ...कू येतंय का माझं?"

एका सीडीची कृपा

गेमचं नाव 'एज ऑफ एम्पायर्स २'. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तरी कधीतरी सायबर कॅफेत किंवा मोठ्या भावाच्या पीसीवर तो खेळला असेलच. १९९९ साली आलेला. हाताशी तीन गावकरी आणि एक टेहळणीचा घोडेस्वार. मेंढ्या शोधा, लाकडं तोडा, घरं बांधा आणि हळूहळू अंधारयुगातून किल्ल्यांच्या युगात या. मग शेजाऱ्याच्या घरावर तोफा घेऊन जा! साधं, सोपं, सुटसुटीत.

आम्हाला तो भेटला पुण्यातल्या इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर. २००९ साली एका सीनियरने पास होताना वारसाहक्काने सीडी दिली. कॉरिडॉरभर निळ्या लॅन केबल पसरलेल्या, त्यात पाय अडकून रोज कुणीतरी पडायचं. रात्री दोनला गेम संपला की भुर्जी-पाव. चौघांची टीम तिथेच जमली. मी, मामा (हा पहिल्या वर्षापासून सगळ्यांना सल्ले देतो), सरपंच (भांडणं मिटवायचा) आणि चौथा. चौथा पुढे म्युनिकला गेला, म्हणून आता त्याचं नावच म्युनिक.

या गेममध्ये एक गंमत आहे. चॅटमध्ये नुसता आकडा टाइप केला की सगळ्यांना एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. ११ म्हणजे खदाखदा हसणं. १४ म्हणजे 'अरे, सुरू करा की आता!' आणि १३ म्हणजे साधारण असं: 'हो, हो, फोड खापर तुझ्या नेटवाल्याच्या डोक्यावर!' म्हणजे बघा, बनवणाऱ्यांना १९९९ सालीच कळलं होतं की हरलेला प्राणी काय कारण सांगणार. हॉस्टेलवर आम्ही ११ आणि १४ पार झिजवले. १३ची वेळच यायची नाही. केबल होती ना!

वादळ आलं, पोफळी गेल्या

२०१३ला पास झालो आणि सगळे पांगलो. नोकऱ्या, लग्नं, ईएमआय. ग्रुपवर 'हॅपी बर्थडे भावा' आणि फॉरवर्ड, संपला विषय. मग नोव्हेंबर २०१९मध्ये गेमची नवी, चकचकीत आवृत्ती आली आणि चार महिन्यांत लॉकडाऊन. मामाने बेंगळुरूहून मेसेज टाकला, '१४'. बस्स! त्या रविवारी आम्ही सात वर्षांनी पुन्हा एका मैदानात उतरलो.

सरपंच तेव्हा मार्चमध्येच दापोली तालुक्यातल्या त्याच्या गावी गेला होता. 'पंधरा दिवसांसाठी.' ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. घराची कौलं उडाली, वाडीतले नारळ आडवे झाले आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी एका दुपारीत काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पुढे कित्येक दिवस तिकडे वीज नाही, फोन नाही. आम्ही तिघं रविवारी लॉबीत बसायचो आणि त्याचं नाव हिरवं व्हायची वाट बघायचो.

ऑगस्टमध्ये झालं एकदाचं हिरवं! पुढच्या वर्षी कंपनीने पुण्याला परत बोलावलं, तेव्हा या पठ्ठ्याने राजीनामा टाकला. बाबांचं वय झालेलं, वाडी नव्याने लावायची. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. "मी गेलो तर लावणार कोण?" एवढंच म्हणाला.

इंटरनेट म्हणजे पडवीच्या खिडकीच्या गजाला बांधलेला मोबाइल. तिथे रेंजच्या दोन काड्या मिळतात. पाऊस आला की एक.

एकाचं नेट, सगळ्यांची पंगत

तुम्ही म्हणाल, नेट त्याचं गेलं तर घोडे तुमचे का थांबले?

हेच तर या गेमचं वैशिष्ट्य. १९९९च्या आसपास घराघरांत मोडेम होते, किरकिर आवाज करत फोनच्या तारेवर चालणारे. अशा तारेवरून शेकडो सैनिक कुठे उभे आहेत, कुणाला किती बाण लागलेत हे सतत पाठवणं अशक्य. मग बनवणाऱ्यांनी डोकं चालवलं. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर अख्खी लढाई स्वतंत्र चालवायची आणि एकमेकांना पाठवायचे ते फक्त हुकूम. 'हे दहा तिरंदाज त्या टेकडीवर.' सगळ्यांचे हुकूम सगळ्यांना पोहोचले की लढाई एक पाऊल पुढे. एकाचा जरी यायचा राहिला तरी बाकीचे थांबणार, कारण चारही ठिकाणची लढाई तंतोतंत सारखी राहिली पाहिजे. एखादं हरीण एका कॉम्प्युटरवर केसभर इकडेतिकडे असलं, तरी काही मिनिटांत दोन्हीकडच्या लढाया वेगळ्या होऊन बसतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही पंगत आहे. कोपऱ्यातले अण्णा सावकाश ताकभात जेवत असतील, तर बाकीच्यांनी पानावर बसून राहायचं. मध्येच उठायचं नाही!

पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या गेमच्या प्रोग्रामरांनी २००१ साली एका परिषदेत हे सगळं मांडलं होतं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. क्लिक केल्यापासून पाव सेकंद उशीर झाला तर खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अर्ध्या सेकंदापर्यंत मजेत खेळता येतं. माणूस कशाने वैतागतो? तर एकदा झटपट, एकदा सावकाश अशा लहरीपणाने. उशीर कायम सारखाच असेल, तर हात आपोआप त्या लयीला लागतो.

सरपंचाचं नेट मात्र नेमकं लहरी! सुरुवातीला रानडुक्कर मारायला गावकरी जातो. त्याने बाण मारायचा आणि डुकराला मागे लावून घराकडे पळायचं. सरपंच 'पळ' म्हणून क्लिक करायचा, ते पोहोचेपर्यंत डुकराने गावकरी लोळवलेला असायचा. एकदा चिडून म्हणाला, "दिवसा खरी डुकरं येऊन माझी रोपं उकरतात, रात्री ही! मी जाऊ कुठे?"

आम्ही हसलो. ११, ११, ११.

फायबरचे दोन रविवार

२०२२च्या पावसाळ्यात मात्र हसणं आटलं. जुलैत एकही गेम धड पूर्ण होईना. चाळीस मिनिटं घाम गाळून किल्ला उभा करावा आणि तिकडे दापोलीत वीज जावी! मामाची दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग, माझ्या घरी वेगळीच कुरकुर. मग मामाने हळूच तिघांचा वेगळा ग्रुप केला. "माझ्या ऑफिसात एक जण आहे. मस्त खेळतो. फायबर आहे त्याच्याकडे. सरपंचाला काय, पाऊस संपला की घेऊच."

मी 'ओके' लिहिलं. अंगठा दाखवायलाही लाज वाटली नाही, हे इथे कबूल करतो.

पहिला रविवार लोण्यासारखा गेला. एकदाही अडकलं नाही. छत्तीस मिनिटांत जिंकलो. "गुड गेम", "गुड गेम", आणि दहा वाजून दहा मिनिटांनी सगळे ऑफलाइन. दुसरा रविवारही तसाच. लॅपटॉप बंद केला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नक्की काय, ते लवकर कळेना.

नंतर लक्षात आलं. आम्ही बोललोच नव्हतो! गेम चालू असताना बोलायला फुरसत कुठे असते? 'लाकूड पाठव', 'डावीकडून येतायत', बस्स. आमच्या सगळ्या गप्पा व्हायच्या त्या स्क्रीन गोठल्यावर. म्युनिकला तिकडे किती एकटं वाटतं, मामाच्या आईची अँजिओप्लास्टी, माझी जवळपास गेलेली नोकरी, हे सगळं आम्हाला कळलं ते घोडे हवेत पाय उचलून उभे असताना. ज्याला शिव्या घालत होतो, त्या नेटनेच आम्हाला बोलतं ठेवलं होतं.

नुसता एक आकडा

तिसऱ्या रविवारी दुपारी जुन्या ग्रुपवर सरपंचाचा मेसेज आला. ना 'हाय', ना शिवी. नुसता आकडा.

'१३.'

स्टीमच्या ॲपमध्ये कोणता मित्र काय खेळतोय ते दिसतं, हे आम्ही तिघंही इंजिनीअर लोक साफ विसरलो होतो. दोन्ही रविवारी त्याने ते बघितलं होतं. दोन काड्यांच्या रेंजवर.

मी फोन केला. चारदा कट झाला, पाचव्यांदा लागला. मी सॉरी वगैरे म्हणालो. तो म्हणाला, "अरे, गेमचं काय एवढं. पण आठवडाभर मी रोपांशी आणि बाबांशी बोलतो. बाबांना ऐकू कमी येतं." थोडा वेळ काहीच आवाज नाही. नेट गेलं की तोच गप्प झाला, कळेना. मग हळूच म्हणाला, "रविवारी तुम्ही तिघं तरी ओरडता माझ्या नावाने."

यावर काय बोलणार?

वामकुक्षीला रामराम

मग आम्ही आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. तुझं नेट कधी बरं असतं? उत्तर तयार होतं. "दुपारी! रात्री जेवणं झाली की अख्खं गाव मोबाइल घेऊन बसतं. दुपारी सगळे झोपतात, टॉवर माझा एकट्याचा."

इतकं सोपं! दोन वर्षं आम्ही त्याच्यावर ओरडत होतो आणि वेळ मात्र आमच्या सोयीची ठेवली होती. आता रविवारी दुपारी अडीच. म्युनिकला तेव्हा सकाळ असते, तो कॉफी घेऊन बसतो. माझी आणि मामाची वामकुक्षी गेली, त्यावर घरी दोन भाषणं झाली. तिघांनी मिळून सरपंचाला एक इन्व्हर्टर पाठवला. त्याने बदल्यात आंब्याची पेटी पाठवून हिशेब चुकता केला.

अडकतं अजूनही. पावसात तर हमखास. पण आता कुणी करवादत नाही. स्क्रीन गोठली की मी चहा ठेवतो, मामा सल्ला सुरू करतो. गेल्या रविवारी सरपंच पुरा बाहेर फेकला गेला. आम्ही लॉबीत येऊन बसलो. आठ मिनिटांनी त्याचं नाव हिरवं झालं.

"लाईट गेल्ये रे. इन्व्हर्टरवर आलोय. वाडीतल्या पहिल्या पोफळीला यंदा शिपुट आलंय, ते सांगायचं राहिलं. आहात ना सगळे?"

होतो की. सेव्ह केलेल्या जागेपासून पुन्हा सुरू केलं. त्याचा गावकरी डुकराने मारलाच.

११.

चौकट : नेट रुसलं तर...

• वाय-फाय सोडा, राउटरला थेट केबल जोडा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी औषध.

• मोबाइलचं नेट वापरत असाल तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने फोन लॅपटॉपला जोडा. फोन खिडकीत, तुम्ही आत.

• खेळायच्या आधी अपडेट आणि फोटोंचे बॅकअप थांबवा. घरात कुणी मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावलाय का, तेही बघा. (भांडू नका. विनंती करा!)

• राउटरला छोटा यूपीएस लावा. वीज गेली तरी नेट लगेच जात नाही.

• दोष दर वेळी नेटचा नसतो. एखाद्याचा लॅपटॉप म्हातारा असला तरी सगळ्यांची लढाई मंदावते. लोकसंख्येची मर्यादा २००वरून १००वर आणा.

• अधूनमधून गेम सेव्ह करा.

• आणि ज्याचं नेट सगळ्यात वाईट, खेळायची वेळ त्याला विचारून ठरवा.