सूचक कोण?

वऱ्हाडात बाजार समितीच्या निवडणुकीचा अर्ज भरताना पहिल्यांदा विचारतात ते सूचक आणि अनुमोदकाचे नाव. विज्ञान अकादमीच्या फेलोंची निवडही तिथूनच सुरू होते.

सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बंगळुरूला भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली. पुढच्याच वर्षी कोलकात्यात आणखी एक संस्था उभी राहिली, तीच आजची दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, म्हणजे ‘इन्सा’. अशा संस्थांचा जुना आदर्श म्हणजे लंडनची रॉयल सोसायटी. तिथे दोन फेलो मिळून नाव सुचवतात. विषयवार समित्या कामाची छाननी करतात, कौन्सिल यादी पक्की करते आणि अखेरच्या मतदानात दोन-तृतीयांश मते लागतात. एकदा आलेले नाव सात वर्षे विचारात राहते. मला या यंत्रणेतली ही सोय सर्वांत शहाणी वाटते, कारण संशोधनाचे मोल एका वर्षात कळत नाही.

पण मुळात नाव सुचवणार कोण? एफ. ए. ही पदवीपूर्व परीक्षाही पार न करू शकलेले मद्रास पोर्ट ट्रस्टचे कारकून रामानुजन १९१८ मध्ये फेलो झाले, ते केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी त्यांचे पत्र वाचून त्यांना ओळखले म्हणून. तेच भौतिकशास्त्रज्ञ हर्था एर्टन यांचे नाव १९०२ मध्ये आले, तेव्हा विवाहित स्त्रीला फेलो होता येत नाही, असे सांगून सोसायटीने ते नाकारले. तिथे पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या त्या १९४५ साली.

आपल्याकडेही नावे मुख्यतः फेलोच सुचवतात आणि फेलो बहुतांशी मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांत असतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले काम पाहा. कपाशीचे नवे वाण सिद्ध व्हायला अनेक हंगाम जातात. ठिकठिकाणी चाचण्या घ्याव्या लागतात, त्यात पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ, रोगशास्त्रज्ञ सगळेच राबतात. ‘पीकेव्ही हायब्रीड-२’मुळे विद्यापीठाचे नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आले, ते वाण घडवणाऱ्यांचे नाही. अकादमीचा अर्ज मात्र एका माणसाचे काम विचारतो. शोधनिबंध मोजणे सोपे असते. कोरडवाहू शेतात टिकलेले वाण कसे मोजायचे? अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवता शिकवता संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाचीही अडचण हीच. त्याचे काम जवळून पाहिलेला फेलो त्याला भेटायचा कुठे?

कसोटी सैल करा, असे माझे म्हणणे नाही. ती कडकच हवी. पण नावे येण्याची वाट पाहत बसण्याऐवजी अकादम्यांनी शोध समित्या नेमून अकोला-अमरावतीसारख्या ठिकाणी पाठवाव्यात, आणि सांघिक कामातला एकेकाचा वाटा तपासायची रीत बसवावी. इथल्या विद्यापीठांनीही आपल्या माणसांच्या कामाची नीट नोंद ठेवावी. कागदावर नसलेले काम कुठलीच समिती तपासू शकत नाही.